वाचक विचारतात : घड्याळ ठेवा, टोपी काढा

जुन्या वेस्टर्न (अमेरिकी काउबॉय) चित्रपटांच्या नव्या आवृत्त्यांवर गेल्या अंकात लेख आला आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांतली निम्मीअधिक पत्रे स्वतः कॅमेरा हातात घेऊ पाहणाऱ्या नाट्यमंडळींची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमची मंडळी दर जत्रेला मराठी नाटक करते. यंदा 'हाय नून'वरून पंचवीस मिनिटांचा लघुपट करायचा आहे. कथा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या किंवा नदीकाठच्या गावात आणायची आहे. मुळातले काय ठेवावे? रेल्वेचे काय करावे?
(साखळी)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : फ्रेड झिनेमन यांचा हा १९५२ चा चित्रपट. गावचा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, विल केनचे लग्न लागते आणि त्याच वेळी बातमी येते की, त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला आहे आणि बाराच्या गाडीने येतो आहे. केन गावात मदत मागत फिरतो, कोणी येत नाही. चित्रपट ८५ मिनिटांचा आहे आणि कथेतला वेळही जवळजवळ तेवढाच आहे. ठेवायचे ते हे गणित. टोपी, बिल्ला, बूट आणि धुळीचा रस्ता हे सगळे गेले तरी चालेल. पण लघुपट पंचवीस मिनिटांचा असेल, तर सुरुवातीलाच प्रेक्षकाला कळले पाहिजे की तो माणूस अर्ध्या तासात पोचणार आहे. 'उद्या येणार' म्हटलेत की खेळ संपला.

विभागणी अशी करून पाहा : बातमी दोन मिनिटांत, नकाराचे प्रसंग अकरा मिनिटांत, नायक एकटा पडतो ती चार मिनिटे, झटापट पाच, शेवट दोन, उरलेले एक मिनिट श्रेयनामावलीला. मुळात नकार बरेच आहेत. न्यायाधीश सामान बांधून निघून जातो, त्याचा डेप्युटी बिल्ला काढून ठेवतो, एक मित्र घरात असून बायकोकरवी 'नाहीत' म्हणून सांगतो, चर्चमध्ये सगळे चर्चा करतात आणि शेवटी केनलाच जायला सांगतात, म्हातारा माजी मार्शल सांधेदुखीने अडलेला असतो. तुम्ही तीनच घ्या, पण तिघांची कारणे वेगळी हवीत : एकाला भीती, दुसऱ्याचा फायदा, तिसऱ्याचा जुना राग. तिघेही घाबरून नकार देऊ लागले, तर दुसऱ्या नकारालाच प्रेक्षक कंटाळतो. चर्चमधली चर्चा आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रामसभेत सहज बसते. त्या प्रसंगात एकही माणूस दुष्ट ठेवू नका. प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना पटले पाहिजे.

रेल्वेच्या आवारात चित्रीकरणासाठी रेल्वेची वेगळी परवानगी आणि शुल्क लागते, शिवाय गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. त्या गाडीचे काम नीट पाहिले तर तीन गुण दिसतात : वेळ सगळ्यांना ठाऊक, गावातले कोणी ती अडवू शकत नाही, आणि ती येताना दुरून कळते. हे तिन्ही गुण फेरीबोटीत आहेत. आमच्या मते तर ती गाडीहून सरस. आगगाडीची शिट्टी ऐकू येते आणि ती पोचतेही, पण फेरीबोट पलीकडच्या काठावरून सुटताना दिसते आणि मग काही मिनिटे नुसती येत राहते. त्या काही मिनिटांत संवाद नको.

फेरीबोटीत गोंधळ होतो तो भरती-ओहोटीमुळे. मोठ्या भरतीच्या दिवसांत गोव्यात पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने खालीवर होते, त्यामुळे धक्क्यावरच्या उताराचा ओला भाग आणि बोटीच्या फळीचा कोन सकाळी एक आणि दुपारी दुसराच असतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणजे काल अकराला घेतलेला शॉट आज अकराला जुळणार नाही. उपाय दोन. पुनव-अवसेचे उधाण टाळा आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत जा, तेव्हा फरक सर्वांत कमी असतो. दुसरा उपाय म्हणजे धक्क्यावरचे सगळे शॉट एकाच दिवशी, सलग दोन तासांत उरका. नदी परिवहन खात्याची लेखी परवानगी हवीच. खलाशाला गोड बोलून काम होते, पण मध्येच एखादा अधिकारी आला तर दिवस वाया जातो.

उन्हाचेही तेच. कथा अर्ध्या तासाची, चित्रीकरण चार दिवसांचे. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणून बाहेरचे शॉट रोज त्याच दोन तासांत घ्या, बाकी वेळ घरातल्या प्रसंगांना द्या. आणि हे लक्षात असू द्या की, घड्याळात बारा वाजले तरी गोव्यात सूर्य माथ्यावर यायला साधारण अर्धा तास असतो, फेब्रुवारीत तर पाऊण तासाहून थोडा जास्तच. बाराची सावली हवी असेल तर पावणेएकला उभे राहा.

प्रश्न : 'थ्री टेन टू युमा'चा जुना बरा की नवा? नव्यात अर्धा तास जास्त कशाला लागला?
(म्हापसा)

जुना डेल्मर डेव्ह्स यांचा, १९५७, कृष्णधवल, ९२ मिनिटे. नवा जेम्स मॅनगोल्ड यांचा, २००७, १२२ मिनिटे. दोन्हींच्या मुळाशी एल्मोर लेनर्ड यांची १९५३ ची कथा आहे, आणि ती वाचली की सगळा उलगडा होतो. कथेत हॉटेलची एक खोली, तिथली वाट पाहणे आणि स्टेशनपर्यंतची चाल, एवढेच आहे. १९५७ च्या चित्रपटाने त्याच्या आधीचा भाग रचला : दुष्काळाने गांजलेला शेतकरी डॅन इव्हान्स दोनशे डॉलरसाठी दरोडेखोर बेन वेडला गाडीवर पोचवायला तयार होतो. २००७ च्या आवृत्तीने मधला प्रवास फुगवला. अपाची हल्ला आला, रेल्वे मजुरांचा तळ आला, मुलगा विल्यम बरोबर निघाला. वाढलेली मिनिटे बहुतांशी रस्त्यात खर्च झाली आहेत.

मुलगा आणणे ही नव्यातली सर्वांत उपयोगी भर. जुन्यात डॅन ठाम का राहतो याचे उत्तर त्याच्या बोलण्यातून मिळवावे लागते. नव्यात मुलगा बघतो आहे, एवढे पुरते. पण प्रवास लांबल्यामुळे हॉटेलची खोली आकसली, आणि खरी गंमत तिथेच होती. एक माणूस पलंगावर निवांत पडून पैशांचा आकडा वाढवत नेतो, दुसरा बंदूक धरून घामाघूम होतो. जुन्या आवृत्तीत वेड झालेला ग्लेन फोर्ड आवाज न चढवता हे करतो.

शेवटही बदलला. जुन्यात वेड स्वतःच डॅनबरोबर गाडीत उडी मारतो आणि बाहेर पाऊस येतो. नव्यात डॅन मरतो, वेड आपल्याच टोळीला गोळ्या घालतो आणि गाडीत चढून घोड्याला शीळ घालतो. आजच्या प्रेक्षकाला पावसाचा शेवट फार गोड वाटेल, हा निर्मात्यांचा अंदाज बरोबरच असावा. मात्र वेडच्या मनातला बदल पटायला जुन्यात खोलीतला दीर्घ संवाद होता. नव्यात तो बदल धावपळीत होतो आणि पहिल्यांदा पाहताना निसटतो. आमचे मत जुन्याच्या बाजूने. शिकायचे असेल तर मात्र आधी कथा, मग दोन्ही चित्रपट, या क्रमाने पाहा.

याच्या उलट उदाहरण 'ट्रू ग्रिट'चे. १९६९ च्या आवृत्तीत जॉन वेनला ऑस्कर मिळाले आणि चित्रपट त्याचाच झाला. कोएन बंधूंनी २०१० मध्ये चित्रपट बाजूला ठेवून चार्ल्स पोर्टिस यांची १९६८ ची कादंबरी उघडली. चौदा वर्षांच्या मॅटीचा ताठ, पुस्तकी सूर आणि तिचा हात जाण्याचा कडवट शेवट परत आणला. रिमेक करताना पडद्याऐवजी कागदाकडे जावे, ते असे.

प्रश्न : चित्रपट साठ वर्षांहून जुना झाला की हक्क संपतात असे ऐकले. मग परवानगी कशाला?
(फोंडा)

अर्धे खरे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे. पण त्याखालची कथा ही वेगळी साहित्यकृती असते आणि तिचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते. लेनर्ड २०१३ मध्ये गेले, म्हणजे 'युमा'ची मूळ कथा आपल्याकडे २०७३ अखेरपर्यंत संरक्षित. पोर्टिस २०२० मध्ये गेले, तिथे २०८०. संगीताचा हिशेब आणखी वेगळा. शिवाय तुम्ही लघुपट यूट्यूबवर टाकणार असाल, तर तो अमेरिकेतही दिसतो, आणि तिथे नोंदणीचे नूतनीकरण झालेल्या १९५२ च्या चित्रपटाला २०४७ अखेरपर्यंत संरक्षण आहे.

घाबरून जायचेही कारण नाही. कल्पनेवर मालकी नसते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. कल्पना, विषय, कथानकाचा साचा मोकळा. कसोटी अशी की, दोन्ही पाहिल्यावर प्रेक्षकाला दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का. 'गुंड ठरल्या वेळी येणार आणि गाव मदतीला येत नाही' हे घ्या. प्रसंगांचा क्रम, संवाद, पात्रांची नावे आणि 'वरून रूपांतरित' ही पाटी घेऊ नका. पाटी लावायची असेल तर आधी हक्क घ्या.

हक्क न घेतल्याचे उदाहरण : इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेंच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'ने (१९६४) जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'योजिंबो' (१९६१) न विचारता उचलला. तक्रार झाली, तडजोडीत कुरोसावांकडे जगभरच्या उत्पन्नाचा पंधरा टक्के वाटा गेला आणि अमेरिकेत चित्रपट १९६७ मध्ये लागला.

प्रश्न : घोडे आणि बंदुकांशिवाय वेस्टर्न कसा होणार? गावात एकाकडे शेतीच्या राखणीची परवान्याची बंदूक आहे, ती रिकामी करून द्यायला तयार आहे.
(मडगाव, वाळपई)

त्या सद्गृहस्थांचे आभार माना आणि बंदूक घरीच राहू द्या. परवाना पिकाच्या राखणीसाठी आहे, दुसऱ्याच्या हाती द्यायला नाही. आणि 'रिकामी आहे' या शब्दावर विसंबण्याची किंमत २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोत दिसली : 'रस्ट' या वेस्टर्नच्या तालमीत खरी गोळी सुटून छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. नुसत्या आवाजाच्या काडतुसातूनही जवळून तप्त वायू आणि बूच जोरात बाहेर येते. सेटवर चालू स्थितीतले हत्यार नाही आणि काडतूस नाही, हा नियम पहिल्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवा.

सुताराकडून लाकडी बनवून घ्या. बहुतेकांची चूक वजनात होते. त्या काळचे रिव्हॉल्व्हर साधारण एक किलोचे असे. दीडशे ग्रॅमचे लाकूड हातात असले की नट ते पंख्यासारखे हलवतो. आत लोखंडी सळी बसवून नऊशे ग्रॅमपर्यंत आणा, नळी पुढून बंद ठेवा. ने-आण पेटीत करा आणि चित्रीकरणाच्या तारखा पोलीस स्थानकात लेखी कळवा, नाहीतर रस्त्यावरून जाणारा कोणीतरी फोन करणारच.

गोळी सुटतानाचा उजेडाचा झोत संकलनात घालायचा. सेकंदाला चोवीस चौकटी असतील, तर झोत एक चौकट, फार तर दोन. तीन झाल्या की फटाका दिसतो. त्याच क्षणी चेहऱ्यावर उजेड पडला पाहिजे, म्हणून कॅमेऱ्याबाहेरून एलईडीचा छोटा दिवा क्षणभर लावा आणि संकलकाला तीच खूण द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गोळी १७० मीटरवरून झाडली असेल तर झोतानंतर बारा चौकटींनी आवाज यायला हवा. हा अर्धा सेकंद ठेवलात तर दृश्य एकदम खरे वाटते, आणि खर्च शून्य.

घोड्यांविषयी : चित्रपटात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाकडून आधी पूर्वपरवानगी आणि नंतर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. चार दिवसांच्या लघुपटाला हा व्याप झेपत नाही. गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीवरचा पायलट (मोटारसायकल-टॅक्सीवाला) आहेच की! एकटा, भाडोत्री, सगळ्या वाटा ठाऊक असलेला, आणि गावातल्या भांडणात शक्यतो न पडणारा. नायक म्हणून याहून चांगला कोण मिळणार? फक्त इंजिनाच्या आवाजात संवाद घेऊ नका. गाडी बंद करून संवाद घ्या, इंजिनाचे चालू होणे, रेटणे, बंद पडणे वेगळे ध्वनिमुद्रित करा.

प्रश्न : जुन्या वेस्टर्नमध्ये मूळनिवासी म्हणजे नाव नसलेले शत्रू. आज रिमेक करताना पात्रांच्या जाती-वंश बदलले की झाले का?
(केपे)

नाही झाले. २०१६ चा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' पाहा. नेता कृष्णवर्णीय, साथीदारांत कोरियन, मेक्सिकन, कोमांची. चेहरे बदलले, ते चांगलेच. पण नेत्याला वैयक्तिक सूड दिला, आणि तिथे पाया ढळला. ज्यावरून हे सगळे आले त्या कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराय'मध्ये (१९५४) लढवय्ये भातासाठी लढतात, १९६० च्या अमेरिकी आवृत्तीत वीस डॉलरसाठी. काही मिळण्यासारखे नसताना ते का थांबतात, हाच तर प्रश्न आहे. सूड आला की प्रश्नच उरत नाही. दुसरे असे की, कुरोसावांकडे दरोडेखोर चाळीस आहेत, कागदावर वर्तुळे काढली आहेत आणि एकेक मेला की फुली पडते. किती उरले हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असते. २०१६ मध्ये शत्रूची फौज आणि गॅटलिंग मशीनगन आली आणि मोजदाद हरवली. तुमच्याकडे गुंड सहा असतील तर सहाच्या सहा ओळखू येऊ द्यात.

खरे रूपांतर जपानने २०१३ मध्ये केले. ईस्टवूडचा 'अनफरगिव्हन' (१९९२) त्यांनी होक्काइडोत नेला, १८८० च्या सुमाराला, आणि तिथल्या मूळनिवासी आयनू लोकांचा प्रश्न त्यात आणला. त्यांनी अमेरिकी सरहद्दीच्या जागी स्वतःची सरहद्द शोधली. गोव्यात ती शोधायला लांब जावे लागत नाही. सत्तरीतले राणे घराण्याचे उठाव आहेत, १८९५ मध्ये आफ्रिकेला जायला नकार देणारे मराठा शिपाई आहेत, १९६१ पूर्वीच्या सीमेवरची नाकी आणि चोरटी वाहतूक आहे. मात्र गावडा, वेळीप किंवा धनगर समाजाला 'रेड इंडियन'च्या जागी नेऊन बसवू नका. ती जुनी चूक नव्या कपड्यांत होईल. त्यांच्यातलेच कोणी संहितेच्या पहिल्या वाचनाला बसलेले हवे, चित्रीकरणाच्या दिवशी बोलावून उपयोग नाही.

('शोले' रिमेक आहे का, असे तिघांनी विचारले आहे. नाही. अनेक ठिकाणचे धागे आहेत, पण सातांचे दोन केल्यामुळे मैत्रीला जी जागा मिळाली ती त्याची स्वतःची.)

प्रश्न : पेडण्याच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) चित्रीकरण करायचे आहे. महिना कोणता निवडावा? लाल धूळ, ऊन, ड्रोन यांची काय काळजी घ्यावी?
(पेडणे)

पावसाळ्यानंतर सडा हिरवा असतो, वेस्टर्नचा कोरडेपणा जानेवारीपासून येतो. जानेवारीत माध्यान्हीचा सूर्य सुमारे ५३ अंशांवर असतो, चेहऱ्याला आकार येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तो जवळजवळ थेट डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. टोपी असेल तर चेहराच जातो. फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून काजूच्या बागांना वणव्याचा धोका असतो, धुराच्या कांड्या आणि विड्या दोन्ही बंद.

जांभ्या दगडावरून परतणारा उजेड तांबूस असतो आणि हनुवटीखाली लाली चढवतो. कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आपोआपवर ठेवलेत तर प्रत्येक शॉटला रंग वेगळा येईल. ५६०० केल्विनवर पक्के करा. चौकटीबाहेर जमिनीवर पांढरी चादर किंवा थर्माकोलचे चार बाय चार फुटी पत्रे अंथरा. लाली जाते आणि टोपीखालच्या सावलीतही उजेड पोचतो.

धूळ बारीक आणि चिकट. लेन्स गाडीत, काचा वर करून बदला. काच कधीही आधी पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच कापड, नाहीतर ओरखडे कायमचे. धूळ मुद्दाम उडवायची असेल तर मुलतानी माती चाळून वापरा, वाऱ्याच्या बाजूने, आणि उडवणाऱ्यांना मास्क द्या.

रुंद चौकट हवीच असा आग्रह नको. 'हाय नून' जवळजवळ चौकोनीच आहे. रुंद हवी असल्यास ३८४० बाय २१६० पिक्सेलमध्ये चित्रित करून रुंदी उंचीच्या २.३९ पट राहील अशी कापा. उंची सुमारे १६०६ उरते. पडद्यावर आधीच खुणा करून ठेवा, नाहीतर टोप्या कापल्या जातील.

ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा पाहा. मोपा विमानतळ जवळ आहे, लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेची) असेल तर त्यांचे पत्र, पंचायतीचे पत्र, आणि चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा. ही कामे महिनाभर आधी सुरू करा.

प्रश्न : पार्श्वसंगीतात लिओनेंच्या वेस्टर्नचे संगीतकार मॉरिकोने यांची शीळ आमचाच मुलगा वाजवणार आहे. चालेल?
(डिचोली)

नाही. शीळ तुमच्या मुलाची असली तरी चाल त्यांची आहे. घुमट हे मातीच्या घटाचे वाद्य वापरा. घोरपडीच्या कातड्याचे नको, कायद्याने बंदी आहे, बकऱ्याच्या कातड्याचे घ्या. एक मायक्रोफोन कातड्याकडे, थापेसाठी. दुसरा मागच्या उघड्या तोंडाशी, घुमाऱ्यासाठी. पहाटेच्या दमट हवेत कातडे सैल पडते, वाजवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवा.